सगळ्यांची मुलगी

यू-झेन माझ्या दारात पहिल्यांदा आली ती विस्तव मागायला. अंगावर नवऱ्याचा कोट, हातात मातीची फुटकी शेगडी, आणि चेहरा असा की नाही म्हटलं तर ही इथेच खाली बसेल. मी मनात म्हटलं, आली आणखी एक.

तोवर लाय ची कोकच्या खाडीमागचं आमचं गाव या लोकांनी भरून गेलं होतं. चित्रं काढणारे सगळे. वरच्या मुलखातलं सरकार त्यांच्या जिवावर उठलेलं. सापडला तो तुरुंगात, नाही सापडला तो सरहद्द ओलांडून आमच्याकडे. इंग्रजांचं राज्य म्हणजे काही मोठं सुख नव्हतं, पण इथला शिपाई निदान आधी विचारायचा आणि मग मारायचा. गावात डुकरांचे जुने गोठे होते, ते धुऊन पुसून लोकांनी भाड्यानं दिले. त्यात हे राहायचे, लाकडी पाटांवर चित्रं कोरून कागदावर छापायचे, आणि जग बदलायच्या गप्पा मारायचे. चूल मात्र एकालाही पेटवता यायची नाही.

मी पेज विकते. पहाटे भाताची पेज शिजवायची, वर खारवलेला मासा नाहीतर शेंगदाणे, सोबत तळलेल्या कणकेच्या कांड्या. गोदीतले हमाल माझं गिऱ्हाईक. हे मास्तर लोक आले आणि बाकावर बसून वाद घालायला लागले. मी त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण बोलणं थांबायचंच नाही. चित्रं पाहावीत तर दुष्काळ, हाडं, साखळदंड, ओझ्याखाली मोडलेला हमाल. एकदा मी म्हटलं, "अहो मास्तर, एखादं कमळ काढा की. नव्या वर्षाला दारावर लावीन." तर हुओ मास्तरांनी कमळ हे जमीनदारांचं फूल कसं, यावर मला पेज करपेपर्यंत व्याख्यान दिलं.

हे हुओ मास्तर म्हणजे त्यांचे म्होरके. काडीसारखा माणूस, गोल चष्मा, सततचा खोकला. बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, उद्या सकाळी सगळं ठीक होणार. स्वतःचं पांघरूण दुसऱ्याला देऊन थंडीत कुडकुडत बसलेले मी त्यांना पाहिलंय. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मला त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

यू-झेनचा नवरा शाओ. मोठे हात, मऊ आवाज. सगळ्यांत चांगलं कोरणारा तोच, असं बाकीचेच म्हणायचे. पण स्वतःचं मत म्हणून त्याला काही नव्हतं. हुओ मास्तर म्हणाले पूर्व, तर बरोबर. दुसरा म्हणाला पश्चिम, तर तेही बरोबर. यू-झेन त्याला "शाओ" अशी नावानं हाक मारायची, आणि लोकांसमोर दोघं एकमेकांना साथी म्हणायची. मला हसू यायचं. मी म्हणायचे, "साथी, तुमच्या साथीला सांगा, लाकडं ओली आहेत."

विस्तव मागायला आलेली ती दुसऱ्या दिवशी भांडी घासायला आली, आणि मग राहिलीच. हात चपळ, तोंड बंद. बंदरावरच्या माणसांना ती घाबरायची नाही. एकदा एका दारुड्यानं तिचा हात धरला तर तिनं पळीभर गरम पेज त्याच्या पायावर ओतली आणि वर "चुकून सांडली हं" म्हणाली. मला ती तेव्हाच आवडली.

पण तिची एक खोड होती. आठ-दहा वर्षांची कुठलीही मुलगी दुकानासमोरून गेली की ही हातातलं टाकून बाहेर धावायची. मुलीची हनुवटी धरून तोंड वर करायची, डोळ्यांत बघायची आणि सोडून द्यायची. कोळ्यांच्या बायका चिडायला लागल्या. एक तर माझ्याशी भांडायलाच आली की तुमची ती बाहेरगावची बाई पोरींना नजर लावते. मग मी तिला बसवलं आणि विचारलं, "काय आहे हे? सांग मला, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिनं सांगितलं. रडली नाही, भाजी चिरत सांगितलं.

जपानी क्वेइलिनवर चालून आले त्या वर्षी सगळं शहर स्टेशनवर लोटलं होतं. गाड्यांच्या टपावर माणसं, डब्यांखालच्या दांड्यांना फळ्या बांधून त्यावरही माणसं. शाओ आणि ही टपावर. पाच वर्षांची म्येन-म्येन मांडीवर. बोगदा आला की टपावरची माणसं खाली पडत होती, म्हणून एका स्टेशनवर हिनं मुलीला खिडकीतून आत दिलं. आतल्या एका बाईनं हात पुढे करून घेतलं. "तान्ह्या बाळासारखी घेतली हो तिनं," यू-झेन म्हणाली. "मला वाटलं, चला, मुलगी तरी आत बसली." पुढच्या मोठ्या स्टेशनवर खाली उतरून बघतात तर तो डबा गाडीला नव्हताच. मध्येच कुठेतरी सोडला होता. कुठे, ते कोणाला सांगता येईना. मागे जायला वाट नाही, मागे जपानी.

"म्हणजे ती मेलेली नाहीये, लामवहिनी," ती म्हणाली. "ती त्या बाईकडे आहे."

मी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली.

फोटो होता तो गाठोड्याबरोबर गेला. पण म्येन-म्येनची एक खूण होती. तिचा एक डोळा आईसारखा, दुहेरी पापणीचा, वर घडी पडलेला, मोठा. दुसरा बापासारखा, सपाट पापणीचा, जरा झोपाळू. घरात चेष्टा चालायची की ही अर्धी जागी आणि अर्धी झोपलेली जन्माला आली. जगातल्या लाख पोरींत ती ओळखू आली असती.

शाओ म्हणे गेलं वर्षभर मनात तो चेहरा जुळवत होता. खाली गावात सणाच्या गोड चंद्रपोळ्यांचे लाकडी साचे कोरणारा एक म्हातारा होता, त्यानं एक जुना चांगला मुरून सुकलेला पाट दिला. असं लाकूड पुन्हा मिळायचं नाही. शाओ तो घेऊन खोलीत बसला. यू-झेनचा बेत साधा होता: चेहरा कोरायचा, खाली "हरवली आहे" आणि आमच्या गावचा पत्ता, शेकड्यांनी छापायचं, आणि सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती द्यायचं. स्टेशनांवर, धक्क्यांवर चिकटवायला.

पाट पुरा झाला त्या दिवशी ती धावत दुकानात आली आणि मला ओढत घेऊन गेली. शाओनं पातळ कागद पाटावर ठेवून, उलट्या चमच्यानं घासून, पहिला छाप उचलला होता. मला चित्रातलं काय कळतं? पण मी त्या कागदापुढे वाकून बघायला लागले. एक पोर तुमच्याकडे बघतेय, एका डोळ्यानं टक्क आणि एका डोळ्यानं पेंगत. आता जांभई देईल असं वाटावं. यू-झेन त्या कागदाला हात न लावता त्याच्याभोवती हात फिरवत होती.

"काढ ना आणखी," ती म्हणाली. "दहा-वीस तरी काढ. आत्ताच."

"रविवारी सभा आहे," शाओ म्हणाला.

"मग?"

"सभेआधी छापलं तर बरं दिसत नाही."

आता ही सभा म्हणजे त्यांचा नेम. दर रविवारी अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर ज्याचं त्याचं काम टांगायचं. आधी एकच छाप, कागद महाग म्हणून नव्हे, तर काम अजून आपलं एकट्याचं आहे, पुरं झालेलं नाही, हे दाखवायला. मग प्रत्येकानं त्यातलं चुकलेलं काय ते सांगायचं, लाल पेन्सिलीनं त्या छापावरच खुणा करायच्या. ज्याचं काम त्यानं शेवटी बोलायचं, आणि तेही "साथींचं म्हणणं मला मान्य आहे" एवढंच. मग पाट सुधारायचा आणि तो सगळ्यांचा झाला की छापायचा. यात त्यांना मोठा अभिमान होता. आम्ही एकटे नाही, म्हणायचे.

मी रविवारी बाक उचलायचं निमित्त करून तिथे उभी राहिले.

हुओ मास्तर बराच वेळ त्या चित्रासमोर थांबले. चष्मा पुसला. "शाओ, असं काम आपल्यापैकी कोणाच्या हातून झालेलं नाही," ते म्हणाले. आणि ते खरं मनापासून म्हणाले. "पण मला सांग, ही कोणाची मुलगी?"

"माझी."

"तेच मला खटकतंय. त्या रस्त्यावर किती मुलं हरवली? त्यांच्या आयांना लिहिता येत नाही, कोरता येत नाही. ही फक्त तुझी मुलगी राहिली तर आपण त्यांच्यासाठी काय केलं? ही सगळ्यांची मुलगी कर."

मग बाकीचे सुरू झाले. एक म्हणाला, मान खाली आहे, वर हवी. दुसरा म्हणाला, ओठ घट्ट कर, ही भीक मागत नाहीये, जाब विचारतेय. तिसऱ्यानं लाल पेन्सिल घेऊन त्या झोपाळू डोळ्यावर गोल काढला. "हा डोळा आजारी वाटतो. बघणाऱ्याला दया येईल. आपल्याला दया नकोय."

"तो तसाच आहे!" यू-झेन मागून ओरडली. "तिचा डोळा तसाच आहे!"

हुओ मास्तर तिच्याजवळ आले, अगदी हळू बोलले. "वहिनी, तुमचं दुःख मला कळत नाही का? पण विचार करा. तुमचे कागद तुम्ही किती ठिकाणी लावणार? हे चित्र सगळ्यांचं झालं तर आमचा प्रत्येक माणूस ते घेऊन जाईल, प्रत्येक स्टेशनवर लावेल. खाली बारीक अक्षरात तुमचा पत्ता घालू. मी शब्द देतो."

"पत्ता घेऊन काय करू? तोंड तिचं नको का?"

"वहिनी, तोंड तर तिचंच आहे."

सगळे शाओकडे बघायला लागले. यू-झेनही. मी मनात म्हणत होते, बोल की रे, एकदा तरी नाही म्हण, जीभ काय झडली का तुझी? त्यानं घसा खाकरला. "साथींचं म्हणणं मला मान्य आहे," तो म्हणाला.

कागदावर चुकलं तर वरून रंग देता येतो. लाकडातून एकदा निघालेला कपचा परत बसत नाही. त्यानं पापणीची रेघ कोरून काढली, मान उचलली, ओठ आवळले. दुपारभर त्याच्या खोलीतून छिन्नीचा आवाज येत होता आणि यू-झेन माझ्याकडे तांदूळ निवडत बसली होती. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती. संध्याकाळी तिनं सभेतला तो खुणा केलेला छाप मागून आणला. लाल पेन्सिल निघून जावी म्हणून तांदळाच्या धुवणात भिजवला. कागद पातळ. तिच्या बोटांवरच त्याचा लगदा झाला.

नवं चित्र गाजलं. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आलं, शाळांच्या भिंतीवर लागलं. गोदीतल्या हमालांनी संप केला तेव्हा त्यांनी ते काठीला लावून मिरवलं. खरंच देखणं होतं. दोन मोठे सारखे डोळे, वर बघणारे. आणि हुओ मास्तरांनी शब्द पाळला, तेही सांगायला हवं. जो जो पलीकडे गेला तो गठ्ठा घेऊन गेला. नदीकाठच्या धक्क्यांवर, क्वांगसीतल्या स्टेशनांवर चित्र लागलं, खाली बारीक अक्षरात आमचं गाव.

म्हणून माणसं यायला लागली. कोणी सांगायचं, अमक्या गावात न्हाव्याकडे अशीच मुलगी आहे. कोणी म्हणायचं, अनाथाश्रमात आहे, हुबेहूब. यू-झेन एकच विचारायची, "डोळे कसे आहेत?" सांगणारा खूष होऊन म्हणायचा, "अगदी चित्रातल्यासारखे!" आणि ती उठून भांड्यांकडे जायची.

पुढल्या उन्हाळ्यात मिठाच्या होडीवरची एक बाई स्वतःच एका मुलीला घेऊन आली. दहाएक वर्षांची असेल. केस कापलेले, पायावर गळू, हातात ते चित्र घडी करून धरलेलं. बाई म्हणाली, रस्त्यात सापडली, वाढवली, आता माझी स्वतःची पाच झालीत, मला झेपत नाही. सरळ बोलणारी बाई होती. मी मुलीपुढे पेजेचा वाडगा ठेवला आणि यू-झेनला हाक मारली.

यू-झेन आली, उकिडवी बसली, मुलीची हनुवटी वर केली. उजेड चांगला होता. मुलगीही बघत राहिली, पापणी न हलवता, तिला कोणीतरी शिकवल्यासारखी.

"तुला काय आठवतं गं बाळा?"

"आगगाडी," मुलगी म्हणाली.

त्या मुलखातल्या कुठल्या पोराला आगगाडी आठवत नव्हती?

एवढ्यात शाओ धावत आला. त्यानं मुलीला बघितलं, तिच्या हातातलं चित्र बघितलं, आणि खालीच बसला. "म्येन-म्येन," म्हणाला आणि हुंदके देऊन रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मुलीचा हात धरून म्हणाला, "यू-झेन, बघ ना. तीच आहे. तीच!"

"शाओ, ही ती नाही."

"अगं नीट बघ. कपाळ बघ. डोळे बघ!"

"डोळेच बघतेय. दोन्ही सारखे आहेत."

"मग? म्येन-म्येनचे सारखेच तर होते."

मला वाटलं, हा बायकोची समजूत घालायला खोटं बोलतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तेवढंच आठवत होतं. इतके महिने शेकड्यांनी छापलेला तो चेहरा त्याच्या डोक्यात बसला होता, आणि त्याखाली आता दुसरं काही नव्हतं.

यू-झेनच्याही ते लक्षात आलं. ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तू मुलगी विसरलास, शाओ."

"तू विसरलीस! तो आजारी डोळा तुझ्या मनाचा खेळ आहे. सगळे तेव्हाच म्हणाले होते!"

मुलगी वाडगा घट्ट धरून पेज पीत राहिली. तिला बिचारीला कळत होतं की हा वाडगा कदाचित परत मिळायचा नाही.

शाओनं तिला ठेवून घेतलं. यू-झेन तिचं सगळं करायची. गळू धुतलं, कपडे शिवले, डोकं स्वच्छ केलं. पण म्येन-म्येन या नावानं तिला एकदाही हाक मारली नाही, नुसतं "बाळा" म्हणायची. शाओ यू-झेनशी बोलेना. एकाच खोलीत दोघं आणि मध्ये ते पोर. मी एकदा म्हटलं, "अगं, धर ना आपलीच. कोणाची तरी आहेच ना? तिला आई हवी, तुला मुलगी."

"हिला आपली म्हटलं की तिकडे तिला शोधणारं कोणी उरत नाही, लामवहिनी."

मी पोरीचा वाडगा पुन्हा भरला.

थंडी पडायच्या आधी वरचं सरकार पडलं, कँटनमध्ये या मास्तरांच्या पक्षाचं राज्य आलं आणि आमचं गाव एकदम रिकामं झालं. सगळे गाणी म्हणत गेले. हुओ मास्तर माझ्या बाकावर शेवटची पेज प्यायले आणि म्हणाले, "आता तुमच्यासाठी कमळसुद्धा काढू, लामवहिनी." शाओनं गाठोडं बांधलं, मुलीला नवे बूट घातले. यू-झेन धक्क्यापर्यंत पोचवायला गेली.

"चल," शाओ म्हणाला. "आता आपला देश आहे. तिथून शोधू, तुला शोधायचंच असेल तर."

"पत्ता इथला दिलाय," ती म्हणाली.

मुलीनं होडीतून हात हलवला. यू-झेननंही हलवला. मग सरहद्द बंद झाली, आणि पलीकडून ज्या बातम्या यायच्या त्या ऐकून मी गिऱ्हाइकांना तिच्यासमोर त्या सांगू नका म्हणायचे. हुओ मास्तरांना त्यांच्याच माणसांनी सभेत जाब द्यायला उभं केलं, एवढं कानावर आलं. काय चुकलं होतं कोण जाणे. शाओचं काहीच कळलं नाही.

यू-झेन माझ्याकडेच राहिली. माझे गुडघे गेले तेव्हा पेज तीच शिजवायला लागली, आणि माझ्यापेक्षा चांगली शिजवायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही. वर्षं गेली. मुलींची हनुवटी धरायची तिची खोड सुटली नाही, फक्त मुली मोठ्या होत गेल्या. आधी बारा वर्षांच्या, मग पंधरा, मग कापडगिरणीत जाणाऱ्या. गिरणीतल्या पोरी तिला वेडी म्हणायच्या आणि मुद्दाम तोंड पुढे करायच्या. "मावशी, बघ, मी आहे का तुझी?" ती हसायची, पण बघायची.

मग एकदा माझ्या लक्षात आलं की ती बघत नाही. गिरणीची पाळी सुटली होती, पन्नास पोरी समोर, आणि ही मान खाली घालून वाडगे भरतेय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तिला आत बोलावलं. "काय झालं? बरं नाही का?"

ती बराच वेळ फडकं पिळत राहिली. "कोणता डोळा होता तो?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"झोपाळू. उजवा होता की डावा? मला आठवेना झालंय. डोळे मिटले की चित्रच दिसतं. शाओचं. दोन्ही सारखे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तो पहिला कागद पाहिला होता. सांगा ना."

मी पाहिला होता. पण छाप उलटा येतो की सुलटा, शाओनं ते ध्यानात घेऊन कोरलं होतं की नाही, आणि मला तरी कुठली बाजू आठवत होती? माझ्या डोळ्यांसमोरही भिंतीवरची तीच पोर आली, वर बघणारी, सगळ्यांची.

"मला नाही आठवत गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "म्हणजे ती समोर बसून पेज पिऊन गेली तरी आता मला कळायचं नाही."

मला राग आला. तिचा नाही, कोणाचा ते मलाच कळेना. "मग कशाला बसलीयेस इथे? कशासाठी हाडं झिजवतेयस या चुलीपुढे?"

"ती मला ओळखेल की," यू-झेन म्हणाली. "ओळखेल ना, लामवहिनी?"

एरवी माझी जीभ कुठे अडत नाही. मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हटलं, "ओळखेल. न ओळखायला काय झालं?" पाच वर्षांच्या पोरीला आईचं तोंड किती दिवस आठवतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही.